मधल्या वर्षांची तरतूद

पाणीखात्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळीकडे ते पंपवाले. साहेब म्हणायचे पंपवाले, कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा पंपवाले, आणि लग्न होऊन घरात आलेली बायको पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अहो पंपवाले, डबा नेणार आहात की उपाशीपोटीच गावाला पाणी पाजणार?" तेव्हापासून घरातही तेच नाव पक्कं झालं.

शहराच्या टोकाला, उताराखाली त्यांचं पंपिंग स्टेशन होतं. जमिनीतून वर आलेले जाडजूड हिरवे पाइप, तेलाचा वास आणि मोटारींची अखंड घरघर. नवखा माणूस आत आला की कानांवर हात ठेवायचा. पंपवाल्यांना मात्र त्या घरघरीत झोपसुद्धा लागायची, आणि आवाजात जरा फरक पडला की दचकून जागही यायची. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. घरी आल्यावरही ते मोठ्यानंच बोलायचे. बायको म्हणायची, "हळू हो! मी काही मोटार नाही."

ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, त्यामुळे सगळ्या आळीला ती शिवणबाई. हात असा चोख की उलट्या बाजूनं टीप बघितली तरी सुलट कुठली ते कळू नये. जीभही सुईसारखीच होती. टोचायची, पण फाटलेलं शिवायचीही. नवरा-बायकोत भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती बहुतेक जेवणाआधी सुरू होऊन जेवणानंतर संपणारी होती.

पंपवाले कित्येक वर्षं रोजंदारीवरच होते. बाईंची नोकरी कायम, म्हणून घरासाठीचं कर्ज शाळेच्या पतपेढीनं बाईंना दिलं, आणि म्हणून घरही बाईंच्याच नावावर झालं. खाली दोन खोल्या, वर एक, आणि रस्त्याकडच्या खिडकीत शिवणयंत्र. पंपवाल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दोस्त चिडवायचे, "लेका, स्वतःच्याच घरात घरजावई झालास की!" त्यावर ते म्हणायचे, "घर तिचं, ती माझी. म्हणजे शेवटी एकूण एकच ना?"

एकच मुलगी. हुशार निघाली, शिकली, नोकरी धरून परदेशी गेली आणि तिथलाच नवरा केला. रविवारी फोन यायचा. पंपवालेही पुढे नोकरीत कायम झाले. दोघंही निवृत्त झाले, दोघांनाही पेन्शन सुरू झाली. सकाळी ते दूध आणायचे, ती पेपरातलं शब्दकोडं सोडवायची, आणि अडलं की त्यांना विचारायची. त्यांना कधीच येत नसे. "तुम्हाला विचारलं की मला आपोआप आठवतं," असं ती म्हणायची.

समोरच्या घरातले म्हातारबुवा काही न लिहून ठेवता गेले, तेव्हा त्यांच्या मुलांनी तेराव्या दिवसाचीही वाट न बघता स्वयंपाकघरात भिंत घातली. बाईंनी ती भिंत खिडकीतून बघितली आणि तिथल्या तिथे ठरवलं. "उद्या वकिलाकडे जायचं. आपल्या मागं असला तमाशा नको."

"आपल्याला एकच तर मुलगी आहे. ती कुणाशी भांडणार?"

"कागदाशी भांडेल. चला म्हणते ना."

वह्या-पेनांच्या दुकानावर वकीलसाहेबांची कचेरी होती. किडकिडीत, सतत खोकणारा, पण सरळ माणूस. त्यांनी दोघांची दोन इच्छापत्रं केली. माझ्या पश्चात सारं काही हिचं, माझ्या पश्चात सारं काही यांचं, आणि दोघांच्याही पश्चात मुलीचं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. बाईंनी सगळं दोनदा वाचलं, एक काना चुकला होता तो सुधारून घेतला आणि विचारलं, "आता काही राहिलं नाही ना?"

"काही नाही. निर्धास्त राहा," वकील म्हणाले.

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "चला, आता मरायला मोकळे." दोघं रस्त्यातच हसत सुटले. मेल्यानंतरची सगळी सोय लागली होती. जगणं आणि मरणं यांच्या मध्येही काही वर्षं असतात आणि त्यांचीही तरतूद करावी लागते, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ना त्यांच्या, ना वकिलाच्या.

सुरुवात शेजारच्या वहिनींच्या ब्लाउजपासून झाली. बाईंनी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवल्या होत्या. वहिनी हसल्या, बाईही हसल्या, उसवून पुन्हा लावल्या. पुढच्या वेळी बाही गळ्याला लागली, तेव्हा वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी तो ब्लाउज निमूट पिशवीत घातला आणि "छान झालाय" म्हणून घेऊन गेल्या. मग दूध उतू जायला लागलं, किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडायला लागल्या. एके दुपारी पंपवाले भाजी घेऊन आले तर दाराला आतून कडी. बाई खिडकीतून म्हणाल्या, "मालक घरी नाहीत. नंतर या."

आधी त्यांना ती थट्टा वाटली. अर्धा तास पायरीवर बसल्यावर कळलं की थट्टा नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं बाईंना घड्याळ काढायला सांगितलं. बाईंनी गोल सुरेख काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीनं लिहिले. डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "काका, हा बरा होण्यातला आजार नाही. हळूहळू वाढत जाईल."

"हळूहळू म्हणजे किती हळू?"

तिनं गोळ्या लिहून दिल्या.

पंपवाले हार मानणारे नव्हते. ज्या माणसानं फुटलेल्या पाइपवर छातीभर पाण्यात उभं राहून पट्टा आवळला होता, तो बायकोची वेणी घालायला शिकला. पहिल्या वेण्या पार वेड्यावाकड्या व्हायच्या. बाई आरशात बघून म्हणायच्या, "कुठल्या वर्गातली गं तू? बोटं सैल सोड." ते बोटं सैल सोडायचे. आंघोळ, कपडे, जेवण, सगळं ते करायचे. घास भरवताना त्या कधी हातावर फटका मारायच्या, कधी "देवमाणूस आहात हो" म्हणून डोळे पुसायच्या. मदतीला ठेवलेल्या बायका यायच्या आणि जायच्या. एकीला बाईंनी चोर ठरवलं, दुसरीला सवत.

बाईंची पेन्शन चालू ठेवायची तर दरवर्षी बँकेत जाऊन हयातीच्या कागदावर सही करावी लागे. त्या वर्षी बाईंनी पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात, न चुकता, माहेरचं नाव लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं दुसरा कागद दिला. पुन्हा माहेरचंच.

"आजोबा, सही जुळत नाही."

"अहो, ती समोर बसलीय ना! जिवंत आहे, दिसत नाही?"

"जिवंत आहेत हे मला मान्य आहे," तो ओशाळून म्हणाला, "पण खातं सहीवर चालतं. आणि आता मला हे दिसलंय, तर वर कळवावंच लागणार."

बाई हयात आहेत हे बँकेनं मानलं, म्हणून पेन्शन जमा होत राहिली, पण खातं अडकल्यानं काढता येईना. रांगेतले लोक बघत होते. बाईंनी तेवढ्यात पेन पर्समध्ये टाकलं होतं, ते परत देताना पंपवाल्यांची मान वर झाली नाही.

बाईंना उचलता उचलता त्यांना हर्निया झाला. ऑपरेशननंतर वजन उचलायचं नाही असं बजावलेलं. पण बजावणारा घरी उचलायला येत नाही. एका सकाळी न्हाणीघरात बाईंचा पाय सरकला, त्यांना धरायला गेलेले पंपवालेही पडले, आणि दोघं ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली. नळ वाहत होता. बाई म्हणत होत्या, "पाणी वाया चाललंय, बंद करा ना कुणीतरी." पंपवाल्यांचा हात नळापर्यंत पोचत नव्हता. वहिनी दुधाचं पातेलं द्यायला आल्या म्हणून सुटका झाली.

त्यानंतर मात्र त्यांनी ठरवलं. शहराबाहेर आजारी म्हाताऱ्यांसाठी एक निवास होता. तिथे नवरा-बायकोसाठी खोल्या होत्या. दोन पलंग, खिडकी, बाहेर बाकडं, आणि हाक मारली की येणारी माणसं. पंपवाल्यांनी पलंगांमधलं अंतर हातानं मोजून बघितलं. झोपून हात लांब केला तर पोचत होता. अनामत रक्कम मोठी होती, म्हणजे घर विकणं आलं. त्यांनी मुलीला फोन केला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. माझं काही म्हणणं नाही."

फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, काहीतरी म्हणणं असतं तर बरं झालं असतं.

गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. शाळामास्तर आणि त्याची बायको, दोघंही मऊ बोलणारी. नोंदणी कार्यालयात सगळे जमले. बाईंना चांगली साडी नेसवली होती. टेबलापलीकडचा अधिकारी दमलेला होता, पण कामात चोख होता. त्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, हे घर तुम्ही राजीखुशीनं विकताय ना?"

बाईंनी आजूबाजूला बघितलं. "कुणाचं घर?"

"तुमचं."

"माझं घर मी कशाला विकू? मला इथं कुणी आणलं?" त्यांचा आवाज चढला. "ही माणसं कोण आहेत?"

अधिकाऱ्यानं कागद मिटले. "काका, मी हे करू शकत नाही. उद्या माझ्या गळ्याशी येईल." पंपवाले हात जोडून उभे राहिले, तसा तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "हात जोडू नका. तुमच्या जागी माझे वडील असते तरी मी हेच सांगितलं असतं." मास्तर-मास्तरीण बाहेरच्या बाकावर काही वेळ बसली, मग निरोप घेऊन गेली. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरीकडे घर घेतलं.

पंपवाले इच्छापत्रं घेऊन पुन्हा वकिलांचा जिना चढले. "साहेब, यात लिहिलंय ना, सारं काही माझं?"

वकिलांनी चष्मा काढला. "इच्छापत्र माणूस गेल्यावर बोलतं हो. माणूस असेपर्यंत ते मुकं."

"मग ती असताना काय?"

"मुखत्यारपत्र करायला हवं होतं. त्यांचं डोकं शाबूत होतं तेव्हा. मी आजारी पडले, मला समजेनासं झालं, तर माझ्या वतीनं यांनी बघावं, असं."

"तुम्ही तेव्हा म्हणाला नाहीत."

वकील बराच वेळ खोकत राहिले. खरा खोकला किती आणि वेळ काढणं किती, कुणास ठाऊक. "तुम्ही मेल्यानंतरचं विचारलंत, मी मेल्यानंतरचं लिहून दिलं," ते शेवटी म्हणाले. "आता कोर्ट. दुसरा रस्ता नाही."

कोर्टाला घाई नसते. अर्ज गेला, तारखा पडल्या. एका तारखेला न्यायाधीश रजेवर, एका तारखेला डॉक्टरांचा अहवाल आलेला नाही, एका तारखेला अहवाल आला तर त्यावरचा शिक्का पुसट. मुलीची संमती परदेशातून यायची होती, ती आली, पण तिच्यावर साक्षीदार नव्हता म्हणून परत गेली. दर तारखेला पंपवाले स्वच्छ शर्ट घालून, वहिनींना घरी बसवून जायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्याच वयाची किती माणसं बसलेली असत! कुणी मुलाविरुद्ध, कुणी भावाविरुद्ध. "तुमचं कुणाविरुद्ध?" एकानं विचारलं. कुणाविरुद्धच नव्हतं.

शेवटी न्यायाधीश मॅडमनी बाईंना समोर आणायला सांगितलं. मॅडम व्यासपीठावरून खाली उतरून आल्या आणि बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. असं कुणी करत नाही, त्यांनी केलं. आवाजही मऊ होता.

"आजी, यांना ओळखता?"

बाईंनी पंपवाल्यांकडे निरखून बघितलं. "हो तर. पाणीखात्याचा माणूस आहे. स्वभावानं चांगला आहे, पण रोजच येतो हो. एवढं काय बघायचं असतं मीटरमध्ये?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मॅडमनी नुसतं वर बघितलं, हसू थांबलं.

"आणि घर कुणाचं आहे?"

"माझं. हप्ते फेडलेत मी." हे असं खणखणीत की लघुलेखकानंही मान वर केली.

"ते विकायचं का आजी?"

बाई हसल्या. एखाद्या भाबड्या मुलीला समजवावं तसं म्हणाल्या, "विकून कसं चालेल? आमचे हे संध्याकाळी ड्यूटीवरून येतात. घराला कुलूप दिसलं तर कुठं जातील बिचारे?"

पंपवाले तिथेच होते, हात पुरला असता एवढ्या अंतरावर. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की अगं, मी आलोय, ड्यूटी कधीच संपली. पण कोर्टात मध्ये बोलायचं नसतं, असं वकिलांनी बजावलं होतं. त्यांनी समोरच्या बाकाची कड धरून ठेवली.

निकाल काही दिवसांनी लागला आणि तो कायद्याला धरून होता. बाईंना कळत नाही हे कोर्टानं मानलं. पालक नेमायला हवा, हेही मानलं. पण मिळकतीसाठी तो पालक पंपवाले होऊ शकत नव्हते. इच्छापत्राप्रमाणे बाईंच्या पश्चात घर त्यांनाच मिळायचं होतं, आणि विक्रीच्या पैशातून सोय त्यांचीही होणार होती. ज्याचा स्वतःचा फायदा आहे त्याच्या हाती दुबळ्या माणसाची मिळकत द्यायची नाही, असा नियम. शिवाय बाईंनी तोंडानं 'नको' म्हटलेलं होतं. म्हणून विक्रीला नकार, आणि बाईंचं भलं बघायला बाहेरची तटस्थ व्यक्ती. निर्धास्त राहण्यासाठी केलेला कागद असा आडवा आला.

पालक म्हणून आलेली वकील मुलगी कामाची होती. पंपवाले तिला ताई म्हणायचे. पहिल्याच भेटीत तिनं बँकेतलं खातं मोकळं करून घेतलं, पण ते आता तिच्या सहीनं चालणार होतं. मग ती त्यांच्या समोर बसली आणि तिनं सगळं समजावून सांगितलं. घर भाड्यानं द्यायचं. ते भाडं आणि बाईंची पेन्शन यांतून त्याच निवासात बाईंची सोय. जोडप्याची खोली यात बसत नाही, बायकांच्या दालनात एक पलंग बसतो.

"ताई, आणि मी?"

ती नखानं टेबलाची कड खरवडत म्हणाली, "काका, मी त्यांची पालक आहे. तुमची नाही. त्यांच्या पैशातून मला तुमच्यावर खर्च करता येणार नाही. तुम्ही घरात राहायचं म्हणालात तर मी काढणार नाही. पण मग भाडं येणार नाही, आणि मग त्यांनाही निवासात ठेवता येणार नाही."

म्हणजे निर्णय त्यांच्यावरच सोडला होता. त्या रात्री त्यांना झोप लागली नसेल असं कुणालाही वाटेल, पण लागली. दमलेला माणूस कुठेही झोपतो. सकाळी त्यांनी ताईंना फोन केला. "भाडेकरू बघा."

घरातल्या वस्तूंची नोंद करायला कोर्टाचा माणूस आला. पलंग दोन, कपाट एक, शिवणयंत्र एक, असं मोठ्यानं म्हणत तो लिहीत गेला. पंपवाल्यांनी पिशवी भरायला घेतली, तसा तो म्हणाला, "आजोबा, नेताय ते काय?"

"कपडे. आणि उशी."

"उशी कुणाची?"

"माझी आहे हो उशी! बायकोची उशी कशाला नेऊ?"

"नाही, म्हणजे, तसं लिहून द्या एवढंच."

त्यांनी लिहून दिलं, की ही उशी माझी आहे. खाली सही केली. दारात उभ्या राहून वहिनी पदरानं तोंड दाबून हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

पंपवाल्यांनी लाँड्रीच्या मागची एक खोली घेतली. भिंत कायम कोमट आणि हवेला साबणाचा वास. यंत्रं दिवसभर घुमायची, त्याचा त्यांना त्रास नव्हता. त्रास व्हायचा तो रविवारी, लाँड्री बंद असली की.

निवासात भेटायची वेळ दुपारची. बायकांच्या दालनात पुरुषांना पलंगापाशी जायची परवानगी नसल्यानं बाईंना चाकाच्या खुर्चीतून बाहेरच्या खोलीत आणत. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि कायम चालू असलेला टीव्ही. केस बारीक कापले होते, कारण वेण्या घालायला तिथे कुणाला वेळ? पहिल्यांदा ते बघून पंपवाले तिथल्या सेविकेला म्हणाले, "मी येऊन घातल्या असत्या." ती म्हणाली, "आजोबा, इथं चाळीस जणी आहेत. एकीला वेणी दिसली की सगळ्यांना हवी." हेही खरंच होतं. त्यांना आताशा समोरचा प्रत्येक जण खरंच बोलतो असं वाटायचं.

बाई आधी बोलायच्या, मग कमी बोलायला लागल्या, मग नुसत्या मांडीवरच्या चादरीची कड चिमटीत धरून पुढे पुढे सरकवत बसायच्या. शेवटपर्यंत पोचल्या की पुन्हा सुरुवातीपासून. पंपवाले शेजारी बसून आवाज खाली आणून गोष्टी सांगायचे. पाण्याचा दाब कसा वाढतो, घाईघाईनं व्हॉल्व्ह बंद केला की पाइप कसा धडधडतो, कधी कुठल्या साहेबाला कसं भिजवलं. वेळ संपली की घंटा व्हायची. त्या कधी मागं वळून बघत नसत. खुर्ची ढकलणारी बघायची आणि म्हणायची, "उद्या या हं."

असं सगळं चाललेलं असताना एके दिवशी लाँड्रीवाल्याशी हिशेब करताना त्यांना समोरच्याचं नाव आठवेना. दोन मिनिटांत आठवलं. असं कुणाचंही होतं. पण ते तसेच उठले आणि वकिलांकडे गेले.

वकीलसाहेबही थकले होते. कचेरीत आता भाचा बसायचा, ते स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत शाल पांघरून असायचे. पंपवाल्यांना बघून त्यांनी भाच्याला बाहेर चहा सांगायला पाठवलं.

"मला माझं मुखत्यारपत्र करायचंय," पंपवाले म्हणाले. "अजून डोकं शाबूत आहे. तारीख विचारा, वार विचारा."

"नको, दिसतंय मला." वकिलांनी कागद पुढे ओढला. ते स्वतःच लिहायला बसले. मजकूर तोंडपाठ होता. लिहीत लिहीत ते एका जागी थांबले. "कुणाच्या नावे करायचं?"

पंपवाल्यांनी याचा विचार केला नव्हता असं नाही. मुलीला मागच्या रविवारीच विचारलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मी इतक्या लांब. मला इथून बँक, दवाखाना काय जमणार? तिथलंच कुणीतरी जवळचं बघा ना." चिडून नव्हती म्हणाली, काळजीनंच म्हणाली. जवळच्या म्हणजे वहिनी. त्यांना मुलगा आपल्याकडे घेऊन गेला होता, आणि तिथे त्यांचंच कोण कितपत ऐकतं, देव जाणे. पाणीखात्यातले दोस्त एकेक करून गेले होते. लाँड्रीवाला भला होता, पण त्याला काय म्हणून या लफड्यात पाडायचं? ताईंना विचारलं असतं, पण त्यांनी हे काम सोडलं होतं, आणि नव्या पालकाला त्यांनी अजून बघितलंही नव्हतं.

"साहेब, तुम्ही तुमचं कुणाच्या नावे केलंत?"

वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिकडे ते बघत राहिले. "नाही केलं अजून," ते म्हणाले. "भाचा चांगला आहे. पण करवत नाही."

चहा आला. दोघांनी तो प्यायला. भेटायची वेळ होत आली होती, म्हणून पंपवाले उठले. "विचार करून सांगतो."

"लवकर या," वकील म्हणाले. "आज तुम्ही आहात तसे असेपर्यंतच ते चालतं."

"माहीत आहे."

कठड्याला धरून ते जिना उतरले. बस उशिरा आली. निवासात पोचेपर्यंत अर्धी वेळ निघून गेली होती, आणि बाईंना आज ताप असल्यानं बाहेर आणणार नाहीत असं दारातच सांगितलं गेलं. त्यांनी विचारलं, फार आहे का. नाही, थोडाच आहे, म्हणाले. तरीही घंटा होईपर्यंत ते त्या टीव्हीसमोर बसून राहिले.